जाळीवर जवसाचं तेल

आमच्याकडे ॲल्युमिनियमला कुणी ॲल्युमिनियम म्हणत नसे, जर्मन म्हणत. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा, जर्मनची परात. त्यामुळे लग्नाच्या गाडीची पुढची जाळी जर्मनची आहे असं ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना. खोलीपेक्षा लांब ती परदेशी गाडी, आणि तिच्या तोंडाला माझ्या भाताच्या पातेल्याचा धातू. "मंग मीच घासून देते ना," मी म्हटलं, "रोज जर्मनच घासतो आपण." थट्टेत बोलले. हे मात्र हसले नाहीत, कारण जाळी घासणार कोण, याच काळजीत ते होते.

सत्तरच्या दशकातली ती मधली वर्षं. आम्ही नागपूरजवळ वाडीला भाड्याच्या खोलीत राहत होतो. एकुलती मुलगी सासरी गेलेली. हे ट्रक चालवत. गोदामातून माल भरायचा, अमरावती रोडनं निघायचं, आठआठ दिवस तोंड दाखवायचं नाही. चाळिशी ओलांडली आणि एका सकाळी दात घासता घासता ह्यांचं तोंड वाकडं झालं, हातातला तांब्या पडला. लकवा. तीन आठवडे दवाखान्यात काढले. तोंड सरळ झालं, बोलणं परत आलं, पण डावा पाय ओढतच राहिला आणि डाव्या हाताची मूठ काही वळेना. ट्रान्सपोर्टवाल्यांनी चांगल्या शब्दांत सांगितलं की डाव्या पायाशिवाय क्लच दाबता येत नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण स्टीअरिंग सोडून दुसरं काही न शिकलेला माणूस ते ऐकून घरी आला आणि दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

नागपुरातल्या महाल भागात एक मंडप-डेकोरेशनचे मालक होते. ह्यांनी कधीकाळी त्यांचं सामान ट्रकमधून नेलं होतं, तेवढी ओळख. त्यांनी एका मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या घरातून ही जुनी अमेरिकन गाडी उचलली होती, वरातीला भाड्यानं द्यायला. महालाच्या गल्ल्यांत ती वळेना, म्हणून आमच्या खोलीला लागून असलेल्या टिनाच्या शेडमध्ये ठेवायचं ठरलं. ह्यांनी ती सहज म्हणून चालवून पाहिली आणि खाली उतरले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. त्या गाडीला क्लचच नव्हता. एक ब्रेक, एक ॲक्सिलरेटर, दोन्ही उजव्या पायाचे. आणि वरातीत गाडी चालते कशी? माणसाच्या पावलानं. बँडवाले पुढे, नाचणारे मधे, गाडी मागून सरकत. लकवा झालेल्या ड्रायव्हरला चालवता येईल अशी सगळ्या नागपुरात ही एकच गाडी असेल, आणि ती आमच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिच्यावर ह्यांचं सगळं अवलंबून होतं. पोटाचं मी कुठूनतरी भागवलं असतं, चार घरची धुणी धरली असती. पण हे पुन्हा भिंतीकडे वळले असते तर त्यांना कुणी परत फिरवलं असतं?

मालकांना पाय ठाऊक होता, हात ठाऊक नव्हता. वरातीत हे डावा हात नुसता स्टीअरिंगवर ठेवून देत. लांबून पाहणाऱ्याला काही कळत नसे.

गाडी आली तेव्हा तिच्या जाळीची, बाजूच्या पट्ट्यांची, चाकांच्या टोप्यांची चमक जरा मंद होती, राखेरी. मालकांना ती पसंत पडेना. नवरदेवाला तोंड दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी सगळे भाग काढून पॉलिशवाल्याकडे नेले. तो म्हातारा, ह्यांच्यादेखत मालकांना म्हणाला होता, "साहेब, याच्यावर कारखान्यातून एक थर देल्ला असते. थो काढला का रूप येईन, पण मंग मले दोष देऊ नका. रोज घासा लागन." मालक म्हणाले, "घासाले ड्रायव्हर हाय ना." झालं. कापडाच्या चाकावर सगळं उजळून निघालं. आरशासारखं म्हणतात ना, अगदी तसं. एका नवरदेवानं त्या जाळीत बघून आपल्या मुंडावळ्या सरळ केलेल्या मी स्वतः पाहिल्या. तीन आठवड्यांत तिच्यावर फुंकर मारल्यासारखी वाफ धरली, आणि पुढे ती पुसून जाईना.

जाळी घासणं हे एका हाताचं काम नव्हे. आडव्या पट्ट्या, मधे बोटभर फट. जुन्या धोतराची चिंधी त्या फटीतून ओवायची, दोन टोकं दोन हातांत धरायची आणि इकडून तिकडे ओढत राहायची, ताक घुसळताना दोरी ओढतात तशी. ह्यांना ते जमणारच नव्हतं. म्हणून शेडचं दार आतून लावून मी घासत असे आणि हे पत्र्याच्या पेटीवर बसून हुकूम सोडत. "खालची पट्टी सुटली वं. डावीकडं ध्यान दे जरा." मी म्हणे, "डोळे शाबूत हायेत तुमचे, थेच पुष्कळ झालं." खडूची पूड गाळून घ्यायची, रॉकेलात कालवायची, घासायची, कोरड्या फडक्यानं पुसायची, मग मेणबत्तीचं मेण रॉकेलात विरघळवून पातळ हात द्यायचा. कोणी शिकवलं नव्हतं, चुकत चुकत जमवलं. खरं सांगते, ते दिवस वाईट नव्हते. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण नवरा असा समोर बसून माझ्याशी बोलतोय, हे मी त्या शेडमध्येच पहिल्यांदा अनुभवलं.

पण लग्नघरची माणसं म्हणजे त्या जाळीचे वैरीच. गाडी दारात आली की सुवासिनी ओवाळायच्या आणि ओलं कुंकू नेमकं जाळीवर बोटानं ओढायच्या. नारळ पुढच्या चाकाशी फोडायचे, ते पाणी जाळीवर उडायचं. त्यावर गुलाल, त्यावर झेंडूचे हार. दुसऱ्या दिवशी हार काढला की खाली काळपट डाग. ह्यांना मी शिकवून पाठवत असे, "कुंकू काचेले लावा म्हनावं." हे एकदाही बोलले नसतील. शुभकार्यात बाईमाणसाचा हात कोण अडवणार?

उन्हाळ्यात त्या टिनाखाली मेण वितळून जमिनीवर ओघळायचं. पावसाळ्यात मेण टिकायचं, पण त्याच्याखाली पांढरे बारीक ठिपके उठायचे, मिठाची चिमूट टाकल्यासारखे. आणि आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं बंद. गाडी चार महिने उभी. पहिल्या वर्षी ते चारही महिने मी रोज घासलं. तरी कार्तिकात मालक आले, जाळीवरून बोट फिरवलं आणि तोंड वाकडं केलं. एवढंच नाही, पट्ट्यांच्या कडा झिजल्या होत्या. घासून चमक येत होती ती काही वरून येत नव्हती, त्या धातूतूनच निघत होती, हे मला तेव्हा दिसलं.

"गाडी तोंडावर चालते गा," मालक ह्यांना म्हणाले. "लोकं इंजिन नाही पायत. या वर्षी चालवून घेतो. पुढच्या तुळशीच्या लग्नाले जाळी अशी निघाली तर गाडी मोडीत काढतो आन् बग्गी घेतो. मंग मले काही म्हनू नको."

हे मान हलवून हाव म्हणाले. मालक गेल्यावर माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पायू नका तसं. करतो ना आपण काही."

ते काही म्हणजे काय, हे मला पुढच्या आषाढात सुचलं, आणि सुचल्यावर मी स्वतःवर इतकी खूष झाले की आजही आठवलं तर लाज वाटते. माझ्या माहेरी जवस पिकायचा. घाण्यावरचं तेल घरी यायचं, ते खायलाही आणि लाकडालाही. बैलगाडीच्या जूला, दाराच्या चौकटीला पावसाआधी जवसाच्या तेलाचा हात द्यायचे. ते मुरतं, वाळतं, मग वरून पाणी मोत्यासारखं घरंगळतं. लहानपणापासून पाहिलेली गोष्ट. पाणी जाळीला लागलंच नाही तर ठिपके येतील कशाला? रोजचं घासणं गेलं, झीज गेली.

ह्यांना पटेना. "लाकडाले चालते थे. जर्मनले चालन काय? पॉलिशवाल्याले इचारून घेतो ना एकडाव."

मी चिडले. माझा स्वभावच तसा, डोक्यात एकदा आलं की कुणी आडवं आलेलं खपत नाही. आणि दोन वर्षं हात माझे झिजत होते, ह्यांचे नव्हे, हा माज होताच. मी म्हणाले, "तुमाले ट्रक समजते, तेल मले समजते. घासते कोन, मी का तुमी?"

ह्यांनी उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर घेतला. मला ते दिसलं, पण मी माघार घेतली नाही.

जाळी घासून लख्ख केली. तिच्यावर आठ-आठ दिवसांनी तेलाचे तीन हात दिले, चांगले जाड. बाजूच्या पट्ट्यांनाही दिले, टोप्यांनाही. काय चकाकत होती! मग पोती झाकली, वरून ताडपत्री. आणि "आता उघडायचं नाही, हवा लागू द्यायची नाही," असा हुकूम मीच सोडला. शेजारी सरकीच्या ढेपेचं, म्हणजे पेंडेचं, गोदाम होतं. दिवसभर पोती चढायची, उतरायची, भुसा उडत राहायचा. तेल चिकट असताना तो ताडपत्रीच्या फटीतून आत जात असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. चार महिने मी त्या शेडकडे पाहून सुखानं भाकरी थापल्या.

दिवाळी झाली. तुळशीच्या लग्नाला आठवडा उरला तेव्हा आम्ही दोघांनी ताडपत्री ओढली. पोतं जाळीला चिकटलं होतं. ओढून काढलं तर त्याचे धागे तिथेच राहिले. खाली जाळी नव्हतीच जणू, पिवळट तपकिरी डिंकाचा थर होता, त्यात ढेपेचा भुसा बसलेला. सपाट जागी नखानं खरवडलं तर नख मोडलं. कोपऱ्यात अजून चिकट. रॉकेल लावलं, गरम पाणी लावलं, राखेनं घासलं. थर हलेना. मी सारखी म्हणत होते, "निघन, निघन," आणि हे पेटीवर बसून नुसते पाहत होते.

शेवटी ते म्हणाले, "राहू दे. मी महालात जातो, पयल्या वरातीची तारीख केव्हाची हाय थे मालकाले इचारतो. मंग पॉलिशवाल्याले इचारू. थो काढून देईन."

एकदा तरी मी त्यांचं ऐकायला हवं होतं. ते पाय ओढत बसकडे गेले आणि मी घरात आले. स्वस्थ बसवेना. आपणच केलंय तर आपणच निस्तरायचं, ते परत यायच्या आत. फळीवर कॉस्टिक सोड्याचा डबा होता. त्या वेळी आम्ही बायका कपड्याचा साबण घरीच करायचो, त्यासाठी आणलेला. तेल खाणारी दुसरी वस्तू कोणती? मला साबण शिकवणाऱ्या बाईनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं की कॉस्टिक जर्मनच्या भांड्यात कालवू नको, भांडं खाऊन टाकतं. ते मला पक्कं आठवत होतं. म्हणून मी ते मुद्दाम मातीच्या कुंड्यात कालवलं, जपून, हाताला चिंध्या गुंडाळून. आणि कुंडं उचलून शेडमध्ये नेलं आणि जर्मनवर लावलं. माझ्या डोळ्यांपुढे तेल होतं. तेलाखाली काय आहे, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं. याला काय म्हणायचं ते मला अजून समजलेलं नाही.

थर सुटला. सालीसारखा निघून आला, आणि खालून एवढी शुभ्र जाळी दिसली की मी देवाचं नाव घेतलं. मग फेस यायला लागला. बारीक, पांढरा, चर्र असा आवाज करत. मला वाटलं तेलाचा साबण होतोय. चांगलंच आहे म्हणून मी आणखी लावलं. मग फेस राखाडी झाला. मी बादलीभर पाणी ओतलं, आणखी ओतलं, नळावर पळत गेले, परत आले. पाणी ओसरलं तेव्हा जाळी काळी होती. काळी आणि खडबडीत, जात्याच्या दगडासारखी. झिजून पातळ झालेल्या दोन पट्ट्या मधे खाल्ल्या गेल्या होत्या, बोट घातलं तर आरपार गेलं. बोटं भाजली होती, ते मला नंतर कळलं.

हे दुपारी आले. शेडच्या दारात उभे राहिले.  मी खाली ओल्यात बसले होते. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "हात दाखव." माझी बोटं पाहिली. घरातून खोबरेल आणून लावलं, एका हातानं.

मालक महालात ह्यांना भेटले नव्हते, दुसऱ्या दिवशी सकाळी तेच आले, पहिल्या लग्नाची तारीख घेऊन. ते शेडमध्ये शिरले आणि थांबले. "हे काय होय गा?"

हे म्हणाले, "कॉस्टिक लावलं मालक. म्या लावलं."

"कॉस्टिक? काहून?"

"तेल लावलं होतं पावसाळ्यात. थे निघत नव्हतं."

मालकांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. रागावले नाहीत, हेच भयंकर होतं. हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, जर्मनले कॉस्टिक लावत नसते, हे लहान पोट्ट्याले समजते. तुया डोक्यावर परिणाम झाला गा त्या लकव्याचा. उद्या वरातीत तुले ब्रेक कोनता थे नाही समजलं तर? पुढं लेकरं नाचत असतात. मी कोनाच्या जिवावर गाडी देऊ?"

मी दाराच्या मागे उभी होते. बोटांना फडकं बांधलेलं, ते पदराखाली घेतलं. एक वाक्य बोलायचं होतं. मी केलं, ह्यांनी नाही, ह्यांचं डोकं ठिकाणावर आहे, माझंच नाही. पुढे कितीदा मी स्वतःची समजूत घातली की बोलले असते तर जाळी मी का घासत होते हेही सांगावं लागलं असतं, मग हाताचं उघडं पडलं असतं, मग नोकरी तशीही गेलीच असती. हे सगळं खरं आहे. पण हा हिशेब मी नंतर केला. त्या वेळी माझ्या मनात यातलं काहीही नव्हतं. मी घाबरले होते आणि कुणीतरी माझं ओझं उचललं होतं, म्हणून मी उभी राहिले. बस.

हे मालकांना म्हणाले, "बरोबर हाय तुमचं."

आठ दिवसांत गाडी ओढून नेली. मालकांनी पुढे बग्गी घेतली असं ऐकलं. हे बाहेर बाजेवर बसायला लागले, रोडकडे पाठ करून. मी धुणी धरली. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, विषय काढला नाही. लोक विचारत, त्यांना ते तेच सांगत, म्या लावलं. चहाच्या टपरीवर सांगत, मुलीच्या सासरी सांगत. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जीव चरकला, पुढे ऐकायची सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, मला तर फारच लवकर झाली.

तीन वर्षांनी दुसरा झटका आला. त्यानंतर त्यांच्या आठवणींची सरमिसळ झाली. गावं विसरले, ट्रकचे सोबती विसरले. ती गाडी मात्र विसरले नाहीत. दुपारी बाजेवरून मला हाक मारत आणि विचारत, "काहून लावलं असन वं म्या थे कॉस्टिक?" आधी मला वाटलं टोमणा मारतात. मग त्यांचे डोळे पाहिले. ते खरंच विचारत होते. सांगून सांगून ते त्यांना खरं वाटायला लागलं होतं. "एवढी वर्सं गाडी चालोली म्या. जर्मन मले समजत नव्हतं काय? डोकं काहून फिरलं असन वं?" आणि रडत. लकव्यानंतर त्यांना रडू आवरता येत नसे.

मग मी सांगितलं. बाजेपाशी खाली बसले, त्यांचा डावा हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं. तेल मी लावलं, कॉस्टिक मी लावलं, तुम्ही महालात गेला होता, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. त्यांनी नीट ऐकून घेतलं. उजव्या हातानं माझ्या डोक्यावर थोपटलं. म्हणाले, "तू नोको घेऊ वं आपल्या अंगावर. तुले काय समजते गाडीचं." मी शपथ घेतली. मुलीची शपथ घेतली. ते म्हणाले, "हाव, हाव," आणि लहान मुलाची समजूत काढावी तसे हसले. संध्याकाळी पुन्हा विचारलं, काहून लावलं असन वं म्या. मी आणखी दोनदा सांगून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

ह्यांच्या अगदी शेवटच्या दिवसांत मुलगी आली होती. मी रॉकेलच्या रांगेत गेले होते. परत आले तर ती दारात बसलेली, डोळे पुसत. म्हणाली, "बाबा म्हने, तुया मायले सांग, माया चुकीपायी तिनं लय भोगलं. तिले म्हन मले माफ कर." मी डबा खाली ठेवला. मुलगी माझ्या तोंडाकडे पाहत होती, बापाला काय उत्तर द्यायचं म्हणून. मी म्हटलं, "सांग त्यायले, केलं म्हनावं माफ."